एका पाइपातले दोन मार्ग

माझी थोरली बहीण एका मोबाइल कंपनीत नेटवर्क आखायचं काम करते. टॉवरवर आलेले फोन कोणत्या केबलने पुढे जायचे, ती तुटली तर कुठून वळवायचे, हे ठरवणं तिच्याकडे. स्वभावाने थंड. ताईला चिडलेलं मी फारसं पाहिलेलं नाही, पण किळस आलेली पाहिलीय, आणि ती अजून गेलेली नाही.

नदीपलीकडच्या वस्तीसाठी दोन केबल होत्या. एक बंद पडली तर फोन आपोआप दुसरीवरून जावेत, म्हणून दोन. ऑफिसातल्या स्क्रीनवर एक निळी, एक हिरवी, मध्ये चांगलं हातभर अंतर. प्रत्यक्षात दोन्ही एकाच पुलाच्या कठड्याखालून, एकाच पाइपातून जात होत्या. हिरवी नदीच्या वरच्या अंगाच्या दुसऱ्या पुलावरून न्या, असं ताई प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायची. साहेब म्हणायचे, "मॅडम, दोन मार्ग दाखवायचे होते, दाखवले ना? आता कशाला उकरून काढताय?"

मग पुलाची दुरुस्ती निघाली. भर दुपारी कुणाच्या तरी कटरखाली तो पाइप आला आणि पलीकडचे सगळे फोन मुके झाले.

नेमकी त्याच दुपारी आमची मावशी बाथरूममध्ये घसरून पडली. ती पलीकडे एकटीच राहते. फोन गाऊनच्या खिशातच होता. ओल्या फरशीवर पडल्या पडल्या ती नंबर लावत राहिली, अंधार पडताना शेजारीण डोकावेपर्यंत. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलात ताईला बघून मावशी म्हणाली, "मेला फोनच खराब निघाला. बरी झाले की त्या दुकानदाराची चांगली हजेरी घेते."

"फोन चांगलाय मावशी. चूक आमची आहे."

"तू कशाला अंगावर ओढून घेतेस? पुलावर काय तू काम करत होतीस?"

व्हरांड्यात येऊन ती मला म्हणाली, "दुकानदाराला शिव्या देतेय रे ती."

पुढच्या आठवड्यात ऑफिसात समारंभ झाला. केबल झटपट जोडली म्हणून साहेबांनी केक कापला, सगळ्यांची पाठ थोपटली. "संकट कुणावरही येतं," ते म्हणाले, "पण आपण कसे उभे राहिलो ते बघा."

"सर, माझी मावशी तेव्हा जमिनीवर पडली होती," ताई म्हणाली. "आणि दोन्ही केबल पुन्हा त्याच पाइपात घातल्यात."

"तुमचं दुःख समजू शकतो मॅडम. पण आजचा दिवस आनंदाचा आहे." असं म्हणत त्यांनी मिशीला लागलेलं क्रीम बोटाने पुसलं आणि बोट चाटलं. हातातली बशी तशीच ठेवून ताई बाहेर पडली.

"सोडून दे नोकरी," भाऊजी म्हणाले. "आपलं काही अडत नाही."

"मी सुटेन हो. पलीकडचे कुठे सुटणार?"

ती राहिली. प्रत्येक मीटिंगला तोच विषय काढत राहिली. लोक एकमेकांकडे बघून हसायचे. मग एकदा कंपनीचे कुणी बडे संचालक पलीकडच्या विश्रामगृहात उतरले आणि घाईत जोडलेल्या त्या केबलमुळे त्यांचा फोन बोलता बोलता तीनदा तुटला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः ताईच्या टेबलाशी आले.

"मॅडम, तुमचा तो वरच्या पुलाचा नकाशा काढा बरं. तातडीचं आहे."

ताईने काढून दिला. केबल घालताना स्वतः पुलावर उभी राहिली, एकेक जोड तपासून घेतला. त्यानंतर एकदा जुन्या पाइपातली केबल पुन्हा तुटली, तेव्हा मावशी आईशी फोनवर वॉकरच्या नावाने बोटं मोडत होती. तिच्या बोलण्यात खंड पडला नाही.

मी ताईला म्हटलं, "जिंकलीस की."

"कसलं जिंकले? मावशीचं हाड त्यांना पुरलं नाही. त्या माणसाच्या गप्पा तुटल्या, तेव्हा कुठे जाग आली."

अजून ती तिथेच आहे. काम चोख करते. डबा मात्र त्या लोकांबरोबर खात नाही. जिन्यात जाऊन बसते आणि एकटीच जेवते.