पेटी नऊ आणि पेटी पंधरा

माणसाचा स्वभाव त्याच्या दाराशी कळतो. पेटीकाकांच्या दाराशी चपला डावीकडून उजवीकडे, थोरापासून धाकट्यापर्यंत, टाचा भिंतीला लावून उभ्या असत. स्वयंपाकघरात साखर, चहा, मीठ यांच्या डब्यांवर नावं होती आणि डबा कधी भरला त्याची तारीखही. "माझ्या कपाळावर तेवढी चिठ्ठी डकवायची राहिलीय," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं दगड ओळीने लावले, त्याच्याकडून घरात पसाऱ्याची अपेक्षा कशी करायची?

काका भूगर्भ खात्याच्या गोदामाचे राखणदार. जमिनीच्या पोटात काय आहे ते बघायला खात्याची माणसं यंत्राने खोल भोक पाडत आणि त्यातून मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या निघत. त्या पाच-पाच मीटरप्रमाणे लाकडी पेट्यांत भरायच्या, पुस्तकाच्या ओळी वाचाव्यात तशा लावायच्या आणि फळीवर चढवायच्या. पेटी उघडली की जमीन वरपासून खालपर्यंत वाचता आली पाहिजे. एक तुकडा इकडचा तिकडे झाला, तर जमीनच बदलली म्हणायची. अशा बावीस हजार पेट्या काकांच्या ताब्यात होत्या. मोठे साहेब पाहुण्यांना छाती फुगवून सांगत, "आमच्या पेटीकाकांच्या राज्यात खडा हलत नाही."

हे वाक्य ऐकलं की काका फळीवरच्या पेट्या मोजायला लागत, कारण खडा हलला होता.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा खातं अभ्रकाच्या मागे लागलं होतं. एका साहेबांनी एकाच भोकाच्या दोन पेट्या मागवल्या, नऊ नंबर आणि पंधरा नंबर. दोन फेऱ्या मारायचा कंटाळा, म्हणून काकांनी दोन्ही एकावर एक उचलल्या आणि उंबऱ्याला पाय अडखळून दोन्ही पालथ्या झाल्या. त्या काळी खोलीचा आकडा दगडावर लिहीत नसत, पेटीत ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर लिहीत, आणि ते ठोकळे आधीच पायरीखाली पोचले होते. काका या कामात पटाईत. तुटलेली कड कडेला जुळवत त्यांनी तासाभरात दोन्ही कांड्या अखंड लावल्या. पण यातली नऊमधली कोणती आणि पंधरामधली कोणती? दोन्ही पांढऱ्या, दोन्हीतले स्फटिक बोटाबोटाएवढे. नोंदवहीत दोन्हींपुढे एकच शेरा होता : पेगमटाइट खडक, जाडा पांढरा फेल्डस्पार. शेवटी त्यांनी अंदाजाने एक इथे घातली, एक तिथे. साहेबांनी दोन्हींकडे पाहिलं, अभ्रकात दम नाही म्हणाले, चहा प्यायले आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी काकांनी लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि गोदामातल्या प्रत्येक तुकड्यावर खोलीचा आकडा रंगवायला घेतला. बैल गेला नि झोपा केला, तसं. ही पद्धत खात्याला इतकी आवडली, की ती सगळ्या कार्यालयांना सक्तीची झाली आणि काकांना प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी फ्रेम करून घरी टांगलं, पण तोंड भिंतीकडे करून. ऊन लागून शाई उडते, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

मग जगाला बॅटऱ्यांचं वेड लागलं आणि खात्याला लिथियमचं. एक तरुण मॅडम आल्या. नोकरी अजून कच्ची, पण डोळे पक्के. त्यांनी अभ्रकाच्या काळातल्या पेट्या उतरवल्या, पेटी नऊमधल्या दगडावर पाणी ओतलं आणि भिंग लावलं.

"काका, हा फेल्डस्पार नाहीच! कडेला हिरवट झाक बघा. हे स्पॉड्युमीन आहे, यात लिथियम असतं. इतकी वर्षं चुकीच्या नावाने पडून होतं बिचारं."

"नावाचं काय मॅडम, होतं कधी कधी," काका म्हणाले आणि सांडलेलं पाणी पुसायला खाली वाकले.

कांड्या उभ्या चिरल्या गेल्या. अर्धी बाजू तपासणीला गेली, अर्धी पेटीत परतली. निकाल आला : चाळीस ते पंचेचाळीस मीटरवर उत्तम लिथियम. मोठ्या साहेबांनी त्याच दिवशी वर कळवून टाकलं. खात्री करायला जुन्या भोकाच्या तीन पावलं शेजारी नवं भोक पाडलं गेलं, पन्नास मीटर खोल. चाळीसला पांढरा खडक आला, पण निव्वळ फेल्डस्पार. लिथियम औषधालाही नाही.

वर कळवलेलं खाली कसं आणायचं? साहेबांनी तोडगा काढला. दोन भोकांच्या मधून खडक तडकून सरकला असणार, म्हणजे भ्रंश! नकाशावर लाल तुटक रेघ ओढली गेली आणि तिला भ्रंश क्रमांक एक असं नावही मिळालं. काका ती रेघ बघत उभे राहिले. जमीन जिथल्या तिथे होती, सरकला होता त्यांचा पाय.

गुरुवारी भोक पाडायचं यंत्र तिथून हलणार होतं. ते हललं की काम बंद आणि मॅडमच्या कच्च्या नोकरीवर फुली. काकांच्या निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. गप्प बसलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. बोललं, तर उरलेल्या एकवीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव पेट्यांवर कोण विश्वास ठेवणार?

त्यांनी आधी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली.

"सव्वीस वर्षं? तरीच ते प्रमाणपत्र भिंतीकडे तोंड करून बसलंय."

"आता काय करू?"

"अहो, त्या पोरीची नोकरी जाईल. उठा, सांगून या."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "काका, नक्की अदलाबदल झालीय?"

"तेव्हा नक्की नव्हतं. आता तुमच्या नव्या भोकाने सांगितलं ना. नऊमध्ये आहे ते पंधराचं. सत्तर ते पंचाहत्तर."

दोघं साहेबांकडे गेले. साहेबांनी आधी दार लावलं.

"काका, एक पेटी चुकली म्हटलं की अख्खं गोदाम चुकलं. तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही. भ्रंशामुळे खडक खाली गेला असणार, म्हणून आपण अजून पंचवीस मीटर जाऊ. काय मॅडम?"

मॅडमनी मान डोलावली. एकाहत्तर मीटरवर हिरवट स्फटिक निघाले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, भ्रंश खरा ठरला म्हणून.

निरोप समारंभात साहेब म्हणाले, "चौतीस वर्षांत यांनी खडा हलू दिला नाही." काका बोलायला उठले आणि सरळ म्हणाले, "हलला होता. पेटी नऊ आणि पंधरा, माझ्या हातून." सभागृहात हशा पिकला. केवढा हा विनय, असं पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. मॅडम खाली बघत होत्या.

किल्ल्या द्यायला अजून दोन तास होते. काका गोदामात गेले, आतून कडी लावली आणि दोन्ही पेट्या उतरवल्या. या वेळी एकेक करून. जुने लाल आकडे खरवडले, कांड्या आपापल्या घरी घातल्या आणि नवे आकडे रंगवले. सव्वीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या राज्यात सगळं जागेवर होतं. त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या घडीला त्यांना सुचलं नाही.

महिन्याने खात्याचं पत्र आलं. बायकोने मोठ्याने वाचलं : "सेवानिवृत्त राखणदाराने अखेरच्या दिवशी पेटी क्रमांक नऊ व पंधरामधील तुकड्यांची निष्काळजीपणे अदलाबदल केल्याचे ताज्या रंगावरून आढळले आहे. अहवालानुसार तुकडे पूर्ववत करण्यात आले. यापुढे काळजी घ्यावी." खाली सही मॅडमची. नोकरी पक्की झाली की सहीचे अधिकार मिळतात.

"निवृत्त माणसाने यापुढे कसली काळजी घ्यायची?" बायको भडकली. "आणि तिला तर सगळं ठाऊक होतं!"

सही बघून काकांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. मग त्यांनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि डावीकडून उजवीकडे, ओळीने, पुन्हा वाचलं.

"तारीख चुकलीय," ते म्हणाले. "पण नोंद झाली."

त्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली, प्रमाणपत्र काढून कपाटात ठेवलं आणि त्या जागी पत्र सरकवलं. मग फ्रेम परत खिळ्याला टांगली, तोंड बाहेर करून.