कुरडयांतलं पिल्लू

बुलबुलाचं पिल्लू उडायला शिकताना पडलं, ते नेमकं आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत. राखणीला बसलेल्या शेजारच्या कुसुमकाकूंनी मला हाक मारली. मी पोचले तेव्हा त्यांच्या एका हातात दुधाची वाटी आणि कापसाचा बोळा होता, दुसऱ्या हातात पाखरं हाकलायची काठी.

"काकू, दूध नको. पंख फुटलेत त्याला. आता त्याची आईच भरवेल."

"कुठाय ती आई?"

आई समोरच्या तारेवर होती, चोचीत अळी धरून. काकू हलत नव्हत्या, म्हणून ती येत नव्हती.

माया आली की आपले हात शिवशिवतात. नुसतं बाजूला व्हायचं फार जड जातं. त्यात कुरडया उघड्यावर सोडायच्या म्हणजे काकूंच्या अगदी जिवावर आलं. तरी त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याबरोबर जिन्याच्या दाराआड आल्या.

लगेच आई उतरली. तिने पिल्लाला भरवलं, मग कठड्यावर बसून त्याला हाका मारत राहिली. पिल्लू कुरडया तुडवत निघालं, उडालं, आपटलं, पुन्हा उडालं आणि कठड्यावर पोचलं. तिथून जी झेप घेतली, ती थेट कडुनिंबात!

"गेलं गं बाई!" काकूंनी टाळ्या पिटल्या.

तोवर कावळे कुरडयांवर तुटून पडले होते. मी काठीकडे धावले, तर काकूंनी माझा हात धरला.

"खाऊ देत मेले! आपलं पोर पास झालं, पेढे नकोत का वाटायला?"