न बोलता घेतलेला तास

माझा आवाज गेला तेव्हा शाळेत बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार, अशी मला आजही दाट शंका आहे. तळेगावच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवायची. माझा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले गुरुजी मुकाट्याने आपली खिडकी लावून घ्यायचे. त्याच आवाजाच्या तारांवर गाठी आल्या. वर्ध्याच्या डॉक्टरांनी ओरडायलाच काय, मोठ्याने बोलायलाही बंदी घातली. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना.

मी कुजबुजत शिकवू लागले. तिसऱ्या बाकापलीकडे एक शब्द पोचत नव्हता. मागच्या पोरांना रान मोकळं झालं. शेवटी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, खाली बघतच बोलला. "मॅडम, पोट्टे तुमचं आयकत नाई आता. दिवाळीपर्यंत पाहू. नाई जमलं तं ऑफिसात बसा."

मला इतका राग आला की घरी येऊन रडलेच. ऑफिसात बसून काय करू, टाचण्या मोजू? वर्ग गेला तर माझ्याजवळ उरतं काय, हे मला कळत होतं आणि तेच सहन होत नव्हतं.

त्या सुमारास आष्टीच्या बाजारात इंटरनेट आलं होतं. पुढे कापडाचं दुकान, मागे पडद्याआड तीन-चार कॉम्प्युटर. दुकान सासऱ्याचं, कॉम्प्युटर सूनबाईंचे. परदेशात इंटरनेटवरची चालती चित्रं दाखवून शिकवतात, असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मी तिथे जाऊन बसले. सूनबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढी, पण शिकवताना माझ्यावरताण. "मॅडम, माऊस काऊन असा आवयून राह्यल्या? हौलू धरा, पळून नाई जात तो." मी आज्ञाधारकपणे मूठ सैल करून हौलू धरायची. ज्याच्यावर चिडावं त्याच्यावर ओरडता येत नसलं की माणूस लवकर शिकतो.

जुने ओळखीचे लोक सापडतात अशी एक साइट तेव्हा फार चालायची. सूनबाईंनी त्यावर माझं खातं उघडून दिलं. तिथे मला माझी एक जुनी विद्यार्थिनी सापडली. भाजीपाला पिकवणाऱ्या घरची पोर, आता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. तिच्या पानावर मी इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटाने, रीतसर पत्र लिहिलं. अनेक आशीर्वाद. माझा आवाज गेला आहे. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर वर्ग जाईल. हृदयाचं काम दाखवणारं चालतं चित्र कुठे मिळेल? आणि शेवटी, घरी कोणाला सांगू नकोस.

आंतरदेशीय पत्र चिकटवून पेटीत टाकावं तशी मी निर्धास्त घरी आले. ते पान येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाचता येतं, हे मला कुठे ठाऊक?

पुढच्या आठवडी बाजारात वांगी घ्यायला वाकले, तर भाजीवाली म्हणाली, "मॅडम, आवाज बसला तं सांगतलं काऊन नाई? पोराचा पुण्यावून फोन आलता." शेजारच्या दुकानदाराने न मागता ज्येष्ठमधाची पुडी पिशवीत टाकली. पलीकडची म्हणाली, "तुमी बोलू नोका, बोट दाखवा, मले समजते." मी लाजेने अर्धी झाले. आख्ख्या तळेगावाला कळलं होतं.

त्या पोरीची खरडपट्टी काढायची म्हणून तणतणत आष्टीला गेले. पान उघडलं, तर माझ्या पत्राखाली उत्तरांची रांग. पोरीने एका परदेशी साइटचा पत्ता दिला होता. तिथे शिक्षकांसाठी हृदयाची फिल्म फुकट होती. त्याखाली तिच्याच वर्गातल्या एकाने लिहिलं होतं, मॅडमले फिल्म कायले पाहिजे, मले तं अजून पाठ आहे. हृदय म्हणजे वावरातली मोटर, बंद पडली की सारं वावर सुकलं. दुसरीने भर घातली, झडप म्हणजे गोठ्याचं फाटक, आत आलेली गाय मागं फिरत नाही. तिसऱ्याने लिहिलं, रक्त म्हणजे बाजारातून रिकामी आलेली टोपली, फुप्फुसात जाते आणि भरून निघते. सगळी वाक्यं माझी होती. कोण कुठे, कोण कुठे, आणि तिथे बसून माझ्याच शब्दांत बोलत होते. मला रडू आवरेना. सूनबाई घाबरून पाणी घेऊन आली. मी नुसता कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला.

तिनेच फिल्म सीडीवर घेऊन दिली आणि ती वाक्यं कागदावर छापून दिली.

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर हेडमास्तरांच्या खोलीत कापडी झूल पांघरून बसलेला असायचा. ते खोलीत नसताना तो शिपायाच्या मदतीने वर्गात आणला. फिल्ममधल्या बाईचं इंग्रजी कोणाच्या डोक्यात शिरणार नव्हतं, म्हणून तिचाही आवाज बंद केला. छापलेल्या ओळी कापून पोरांना वाटल्या, आणि फळ्यावर लिहिलं: चित्रात आपली ओळ दिसली की उठून वाचा. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

पडद्यावर हृदय धडधडू लागलं. पहिल्यांदा कोणीच उठेना. मग पुढच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि तिने मोटर वाचली. पुण्यातल्या त्या पोरीचीच धाकटी बहीण होती ती. लगेच दुसरा म्हणाला, फाटक अजून उघडलं नाही. तिसरा म्हणाला, उघडलं, नीट पाहा. टोपलीवाला तर दोनदा उठला. पोरं एकमेकांच्या अंगावर ओरडून हृदय समजावून सांगत होती. फिल्म परत लावा, परत लावा, असा नुसता गलका.

तेवढ्यात हेडमास्तर छडी घेऊन दारात. मागच्या बाकावरची मी त्यांना दिसलेच नाही. "हा बाजार कायचा? तासाले मॅडम नाई काय?"

धाकटी बहीण उभी राहिली. हातातली ओळ तशीच धरून म्हणाली, "हायेत ना, सर. मॅडमच तं शिकवून राह्यल्या."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. छडी दाराशी टेकवली आणि येऊन माझ्या शेजारी बसले. "चालू द्या," ते हळूच म्हणाले, "ते फाटकाचं मले पुन्हा पाहू द्या."