भाऊजींचं भरलेलं दुकान

बुडायला आलेली दुकानं आमच्या जिल्ह्यात पुष्कळ झाली असतील, पण बुडत असताना माझ्या थोरल्या भाऊजींच्या दुकानाइतकं भरगच्च दिसणारं दुकान दुसरं झालं नाही. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारओळीत त्यांचं जोडे-चपलांचं दुकान होतं. आत पाऊल टाकलं की तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत डबेच डबे. नंबराप्रमाणे लावलेले, सगळ्यांच्या चिठ्ठ्या बाहेरच्या बाजूला, धुळीचा कण नाही. नवखा माणूस दबून जायचा. त्यातले निम्म्याहून जास्त डबे रिकामे आहेत हे फक्त मला आणि माझ्या ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, माहीत होतं. निदान आमचा तसा समज होता.

ही किमया त्यांनी फार साध्या रीतीने साधली होती. जोडा विकला की गिऱ्हाइकाला तो पिशवीत घालून द्यायचा आणि डबा परत जागेवर ठेवायचा. एखाद्याने डबा मागितलाच तर भाऊजी त्याच्याकडे अशा नजरेने बघत, जणू त्याने शटरसकट दुकान मागितलं आहे. "डबा कायले पाह्यजे? डबा घालून चालशीन का?" असं विचारल्यावर पुन्हा मागण्याची कोणाची हिंमत होत नसे. जोडे जात राहिले, डबे साचत राहिले, आणि दुकान दिवसेंदिवस खंगत असताना दिसायला मात्र बाळसं धरत गेलं.

खंगायची कारणं उघड होती. आठवडी बाजारात प्लॅस्टिकच्या चपलांचे ढीग येऊ लागले. गावोगाव मोटारसायकली झाल्या आणि पोरं उठून सरळ गोंदियाला जाऊ लागली. भाऊजींना त्याचंही फार वाईट वाटत नसे. वाईट मला वाटायचं, कारण गोंदियाहून नवे बूट आणलेला माणूस परत येताना मुद्दाम भाऊजींकडे थांबून पाय पुढे करायचा. "पाहा बरं सेठ, फसलो तं नाही?" आणि भाऊजी त्याला बसवून, चहा पाजून, शिवण दाबून, तळवा वाकवून निकाल द्यायचे. "माल चांगला आहे. पावसात घालू नको." हा सल्ला फुकट असायचा आणि चहाही.

त्यांचं खरं कसब दिसायचं ते शिडीवर. गिऱ्हाइकाने आठ नंबर मागितला आणि दुकानात आठ नंबर नसला, म्हणजे बहुतेक वेळा, तरी भाऊजी "नाही" म्हणत नसत. शिडी चढत, डब्याचं झाकण स्वतःकडे उघडत, आत डोकावून गंभीर होत आणि मान हलवत. "हा रंग तुमच्या पायाले शोभत नाही." दुसरा रिकामा डबा. "याची टाच कच्ची आहे, तुमाले देणं मले पटत नाही." असे चार-पाच डबे नापसंत केल्यावर ते खाली उतरून असलेला दहा नंबर पुढे ठेवत. साठीच्या एका पाटलांना त्यांनी असा दहा नंबर दिलेला मी स्वतः पाहिला आहे. "ढिला होते ना रे," पाटील म्हणाले. "पाय काय वर्षभर एकसारखा राह्यते का?" भाऊजी म्हणाले. "उन्हाळ्यात फुलते. हा उन्हाळ्याचा जोडा आहे." तेव्हा पौष चालू होता.

शटर खाली दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा धर्म. ताप असला तरी शाल गुंडाळून गल्ल्यावर बसत. आमच्या आईच्या तेरवीला पंगत उठताच ते घाईने निघाले तेव्हा मी चिडून म्हटलं, "भाऊजी, आज तरी राहू द्या की बंद." ते चपला शोधत म्हणाले, "साळीसाहेब, तेरवीचे पाव्हणे बाजारातूनच जाऊन राहिले. त्यायनं बंद दुकान पाह्यलं तं म्हणतीन, सासू गेली अन् जावईही बसला."

मी व्यवहारी बाई. दरवेळी गेले की सल्ल्यांची यादी घेऊनच जायची. अर्धी जागा भाड्याने द्या, जास्त खपतात तेवढेच नंबर ठेवा, रिकामे डबे रद्दीत काढा. भाऊजी यादी शांतपणे ऐकत, एकेका कलमावर "बरोबर आहे" म्हणत आणि शेवटी फडकं घेऊन रिकामे डबे पुसायला लागत.

मग एका वर्षी पाणी गळ्याशी आलं. आमच्याकडे धान निघाल्यावर, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकीजावई येतात, नाटकं होतात, आणि नव्या जोड्याशिवाय मंडईला कोणी जात नाही. दुकानाची वर्षभराची कमाई त्या काही आठवड्यांतली. नेमका त्या वर्षी जुन्या ठोक व्यापाऱ्याने धंदा गुंडाळला. ताई मला म्हणाली, "या मंडईले माल नाही आला, तं दुकान गेलं समज." मी ओळखी काढून गोंदियाच्या एका ठोक व्यापाऱ्याला गाठलं. तो आधी दुकान पाहीन, मग माल देईन म्हणाला.

तो आला तेव्हा भाऊजी इस्त्रीच्या सदऱ्यात शिडीवर उभे होते. बाकावर शेजारचा पानठेलेवाला बसला होता. त्याला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावाला कळायची. व्यापाऱ्याने मान वर करून तिन्ही भिंती पाहिल्या.

"भाईसाब, आपके यहाँ तो माल भरा पड़ा है," तो म्हणाला. "बिकता नहीं क्या? पहले ये निकालो, फिर नया देखेंगे."

एवढंच सांगायचं होतं की डबे रिकामे आहेत. मी खोकले. भाऊजींनी पानठेलेवाल्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि छाती काढून म्हणाले, "हाँ, माल की तो कोई कमी नहीं है."

व्यापारी उठला. ताई तेवढ्यात चहा घेऊन मागच्या घरातून आली होती. आमची ताई नवऱ्यापुढे चार माणसांत कधी बोलली नाही, तेव्हाही बोलली नाही. तिने ट्रे गल्ल्यावर ठेवला, वाकली आणि सगळ्यात खालचा डबा ओढला.

डब्यांची भिंत आधी झुकली, मग आली. एवढी मोठी भिंत कोसळूनही आवाज झाला तो पत्रावळ्या सांडल्यासारखा. व्यापारी कमरेपर्यंत डब्यांत उभा होता. झाकणं उघडी, आत नुसता चुरगळलेला कागद. भाऊजी शिडीवरच राहिले, खाली उतरायला जागा नव्हती.

पहिल्यांदा पानठेलेवाला बोलला. "सेठ, आमाले तं मालूमच होतं. भरला डबा काढताना हात खाली येते. तुमचा सर्रकन वर जाते."

"मंग बोलला काऊन नाही लेका?"

"कायले बोलाचं? तुमी एवढ्या मेहनतीनं लपवून राह्यले होते."

व्यापारी मात्र एकेक डबा उचलून नंबर वाचत होता. "ये सब बिका हुआ है?" त्याने विचारलं. "इतने जोड़े बेचे आपने? अरे, तो फिर छुपाते क्यों हो?" तो पुन्हा खाली बसला आणि त्याने चहा मागितला. ज्याची भाऊजींना इतकी वर्षं लाज वाटत होती, त्याच्याच भरवशावर मंडईचा माल आला.

दुकान त्यानंतर बरीच वर्षं चाललं. फार नाही, पण चाललं. आठ नंबर मागितला की आठ नंबर निघायचा, गिऱ्हाईक तो घालून जायचं. भाऊजी एकदा मला म्हणाले, "धंदा ठीक आहे, साळीसाहेब. पण बोलाले काही राह्यलं नाही." पुढे गुडघ्यांनी शिडी बंद केली आणि त्यांनी राजीखुशीने दुकान आवरलं. शेवटची खरेदी पानठेलेवाल्याने केली. भाऊजींनी त्याला डब्यासकट जोडा दिला.

मागच्या महिन्यात तिरोड्याला एका नातेवाइकाच्या वास्तूला आम्ही सगळे गेलो होतो. जेवणाच्या वेळी भाऊजी दिसेनात म्हणून मी बाहेर आले. दारात पाहुण्यांच्या चपलांचा हा एवढा ढीग होता, आणि भाऊजी पायरीवर बसून त्यातून जोड लावत होते. नंबराप्रमाणे रांगा केल्या होत्या. लहान पुढे, मोठे मागे.

"भाऊजी, पान वाढलं आहे. चला."

"झालंच," ते म्हणाले. त्यांच्या हातात झिजलेल्या टाचेची एकच चप्पल होती. ती त्यांनी उलटी केली, तळवा अंगठ्याने दाबून पाहिला. "याचा जोडीदार सापडून नाही राह्यला. इथंच असंल कुठंतरी."

मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसून शोधू लागले.