नळीजवळची जागा

सन दोन हजार पंधरा. हिवाळा. संक्रांत तोंडावर आली होती आणि जबलपुरात दात वाजत होते. तिथून होळीपर्यंतचे हे किस्से आहेत. किस्से कोणी मुद्दाम जमा करत नाही. लेथखाली लोखंडाचा कीस पडतो तसे ते पडत राहतात. एक दिवस झाडायला घ्यावं तर टोपलं भरतं!

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात वेल्डिंग करण्यात गेला. माझा टाका कधी उकलला नाही. एवढं सांगितलं की माझी ओळख पुरते.

*

विजय नगरातले देशकर सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. एक दिवस स्टीलची नळी घेऊन दीक्षितपुऱ्यात माझ्या घरी आले.

"बापूराव, हिच्यात निकेलची भुकटी आणि एक पावडर भरायची. दोन्ही तोंडं तुम्ही बंद करून द्यायची. मग वरून हीटरची तार गुंडाळून तापवायची. जेवढी वीज देऊ त्याहून जास्त उष्णता निघते म्हणतात. परदेशात लोक घरोघरी करून राहिले. कोल्ड फ्युजन!"

"तापवायची किती?"

"लाल होईपर्यंत. जमलं तर पिवळी."

"सर, बंद नळी, आत गॅस करणारी पावडर आणि बाहेरून आग. याला आमच्या कारखान्यात कोल्ड नाही म्हणत. गोळा म्हणतात!"

सर हसले. मी हसलो नाही. पण टाका मारून दिला. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून कच्चा मारून घेतला असता.

*

तिसरा गडी रज्जन भैया. मोटर वाइंडिंगचं दुकान. नळीवर तार गुंडाळायचं काम त्याचं.

पहिल्यांदा दोन नळ्या शेजारी शेजारी लावल्या. एक भरलेली, एक रिकामी. एकाच तारेतून दोन्हींना सारखी वीज द्यायची आणि कोणती जास्त तापते ते पाहायचं. प्रयोग सरांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये. पुढे वाळूच्या गोण्या रचलेल्या.

रिकामी नळीच जास्त तापली!

सर डोकं धरून बसले. देशकर वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग भरता काहून? रिकामीच तापवा ना! आणि उष्णता निघूनच राहिली तर आंघोळीचं पाणी तरी ठेवा वर."

शेवटी उलगडा झाला. रज्जननं रिकाम्या नळीवर वेढे जास्त घातले होते.

"तार बच गई थी, सरजी. फेंक देता क्या?"

*

ती पावडर वाईट होती. पाणी लागलं की पेटायची. सर ती काचेच्या बंद बरणीत ठेवत आणि बरणीला कोणाला हात लावू देत नसत. पण भरताना चिमूटभर शेडमधल्या टेबलावर सांडली.

संक्रांतीची साफसफाई चालू होती. वहिनींनी ओलं फडकं फिरवलं.

फुस्सकन आवाज आला आणि टेबलावर जाळ उभा राहिला! रज्जननं पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको!" सर असे ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. त्यांनी बादलीवर झडप घातली आणि ती स्वतःच्याच अंगावर ओतून घेतली. मी गोणी फाडून जाळावर वाळू लोटली.

वहिनींचा पदर काठाशी करपला होता.

"भाऊजी, हे घर आहे का बारूदखाना?" त्यांनी मला विचारलं. सरांना नाही विचारलं.

त्या पौषातल्या थंडीत सर नखशिखांत भिजून उभे होते. म्हणाले, "पावडर चांगल्या प्रतीची आहे!"

*

आमच्या कारखान्यात एक रीत होती. ज्यानं वस्तू बनवली, तो चाचणीच्या वेळी सगळ्यांत जवळ उभा राहील. मग माणूस कामात चोरी करत नाही.

मी सरांना सांगितलं, "टाका माझा. नळीजवळची जागा माझी."

"नुस्खा माझा. जागा माझी."

"नुस्खा फुटत नाही, सर. टाका फुटतो."

मी बसलो. नळी लाल झाली. मग तिच्यातून टिक टिक असा बारीक आवाज यायला लागला. तो आवाज मी ओळखतो, धातू फाटण्याआधीचा. पण पाय हलेनात. खरं सांगतो, हलेनात. सरांनी मागून येऊन मला गोण्यांच्या आड ढकललं, आणि धमाका झाला.

धूर निवळल्यावर मी आधी नळीचं तोंड शोधलं. टाका शाबूत होता. नळी मधोमध चिरली होती. मी तो तुकडा रज्जनला दाखवला. "बघ! टाका बघ!"

रज्जन तुकड्याकडे पाहत नव्हता. सरांच्या दंडातून रक्त गळत होतं. त्यांनी ढकललं नसतं तर तो घाव माझ्या डोक्यात बसला असता.

त्या दिवसापासून मी त्यांचा देणेकरी झालो. आणि त्या दिवसापासून सर नळीजवळ मला बसू देईनात. "एकदा तुम्ही बसलात. आता मी." मला स्वतःची भीती राहिली नाही. हा माणूस माझ्या हातून फेड होण्याआधीच मरेल, ही भीती बसली.

*

धमाका गल्लीभर ऐकू गेला होता. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीचा शिपाई आला. आमची तोंडं पांढरी पडली. गोण्या, तारा, नळ्या, पावडर. कोणीही काय समजेल?

"क्या बन रहा है इधर?"

सर फ्युजन समजावायला लागणार, तेवढ्यात रज्जन म्हणाला, "गीजर, साहब. नया मॉडल."

शिपायानं शेडमध्ये मान घातली, गोण्या पाहिल्या, पत्रा पाहिला.

"अच्छा. इसमें नहाना कब है, मरने के पहले या बाद में?"

*

शेवटची नळी जाड घेतली. सरांनी वहिनींना शब्द दिला होता, ही झाली की बंद. होळीच्या आधीचा रविवार, दुपार. सर नळीजवळ, मी त्यांच्या मागे, रज्जन बोर्डापाशी.

नळी लाल झाली. सर बराच वेळ तापमानाच्या मीटरकडे पाहत होते. मग थकल्यासारखे म्हणाले, "काही नाही निघत. काढ प्लग."

रज्जननं प्लग ओढला.

आकडा खाली यायला हवा होता. तो जरा थांबला आणि वर चढायला लागला.

"रज्जन, काढला का?"

"प्लग मेरे हाथ में है, सरजी!" त्यानं हात वर करून दाखवला. मग प्लग टाकला आणि दाराबाहेर पळाला.

मीटर खोटं बोलेल, पण डोळे? लाल नळी नारिंगी झाली. नारिंगीची पिवळी झाली. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. सगळा जन्म आगीपाशी काढला. चूल विझवल्यावर भडकलेली मी पाहिली नव्हती.

सर उठले. मला वाटलं पळतील. ते पुढे झाले.

"वाढून राहिलं, बापूराव! पाहा! वाढून राहिलं!"

"सर, बाहेर."

"तुम्ही जा. मी येतो."

नळी टिकटिकायला लागली. या वेळी माझे पाय हलले. मी त्यांना कमरेत धरून उचललं. ते माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होते. "सोडा! हेच तर पाहायचं होतं! सोडा मला!" मास्तरच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी सोडलं नाही. अंगणातल्या नळापाशी आम्ही दोघं पडलो आणि शेड हादरलं.

वहिनी कणकेच्या हातांनी धावत आल्या.

धूर गेल्यावर आत गेलो. मीटर फुटलं होतं. सर जिथे उभे होते, तिथल्या मागच्या पत्र्याला छातीच्या उंचीवर भोक पडलं होतं. त्यातून ऊन आत येत होतं. सरांनी त्या भोकात बोट घातलं.

"शेवटचा आकडा कोणी पाहिला?" त्यांनी विचारलं.

कोणीच पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "फिटलं, सर."

ते पत्र्याकडेच पाहत होते. भोकातून बोट काढत म्हणाले, "फिटलं."