कुलपातलं खोबरेल

मोशीच्या नाक्यावरचा चावीवाला मी एकदाच घरी आणला. बायकोच्या पेटीचं कुलूप जाम झालं होतं. आत तिची लुगडी होती. ती मला एकदा हुंगायची होती, दुसरं काही नको होतं.

त्यानं पेटीला ओरखडा न पाडता कुलपाचा सिलेंडर, म्हणजे चावी फिरते ती आतली नळी, काढला, वास घेतला आणि हसला.

"बाबा, कुलपात खोबरेल कोण घालतं? मशीनचं तेल घालायचं!" तो फडक्यानं पुसायला लागला.

"बायको घालायची, केसांना लावायची तेच. मागच्या महिन्यात गेली."

त्याचा हात थांबला. "मग हे मी न्हाई पुसत," म्हणून त्यानं तो चिकट सिलेंडर माझ्या हातावर ठेवला. नवा बसवून चावी दिली आणि पाठ फिरवून बसला.

मी पेटी उघडली. लुगड्यांना नुसता डांबरगोळ्यांचा वास होता. तिचा वास माझ्या मुठीत होता.