तिसऱ्या दशांशावरचा संशय

आमच्या साहेबांइतका संशयी माणूस पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत दुसरा नसेल, आणि असलाच तर साहेबांनी पहिला संशय त्याच्यावर घेतला असता. कासारवाडी स्टेशनावर ते आधी मास्तरांना गाडीची वेळ विचारत, मग हमालाला विचारत, आणि दोघांच्या उत्तरात फरक का पडला याचा विचार चालू असताना गाडी निघून जाई. पिंपरीच्या बाजारात किलोभर वांग्यांचा भाव विचारून झाला की अर्ध्या किलोचा विचारत, त्याची दुप्पट करत आणि मेळ बसला नाही की रिकामी पिशवी घेऊन परतत. "काका, घ्यायचंय का नुसतं तपासायचंय?" असं एका भाजीवाल्याने वैतागून विचारलं, तर म्हणाले, "दोन्ही. पण आधी तपासायचंय."

रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते आकडेमोडीच्या खोलीचे प्रमुख होते. खोलीत आम्ही तिघी, हँडल फिरवायच्या गणकयंत्रांवर: मी, सुजाता आणि चऱ्होलीची शेवंता. शेवंता त्या यंत्राला जातं म्हणायची आणि दिवसभराची घरघर ऐकली की ते पटायचं. अवजड यंत्राखाली रबराची गादी घातली तर ती आज किती दबेल आणि पाच वर्षांनी किती दबलेली असेल, हे आम्ही काढायचो. एखादी गोष्ट किती वेगाने बदलते हे काढायला गणितात एक क्रिया करतात, आणि तो वेग कसा बदलतो हे काढायला तीच क्रिया पुन्हा. साहेबांच्या रबराला मात्र ती क्रिया अर्धीच करावी लागे. "म्हणजे शाळेत पाढ्यांमध्ये अर्ध्याची निमकी असायची, तसं?" मी विचारलं. साहेब म्हणाले, "तसंच. पण निमकीला भूतकाळ नसतो, बाई. रबराला असतो."

हा भूतकाळ आमच्या मनगटांवर आला. साध्या गणितात मागची पायरी हातात असली की पुढची काढता येते. इथे प्रत्येक नव्या पायरीला आधीच्या झाडून सगळ्या पायऱ्या पुन्हा घ्यायच्या, प्रत्येकीला तिच्या वजनाने गुणायचं आणि बेरीज करायची. लगतच्या पायरीचं वजन अर्धं, तिच्या मागचीचं एक अष्टमांश, तिच्याही मागचीचं एक षोडशांश, असं ते घटत जाई, पण शून्य कधीच होत नसे. त्यात यंत्राचा सांगाडा आणि त्याची बैठक यांची समीकरणं एकमेकांत अडकलेली, त्यामुळे शेवंताचा आकडा आल्याशिवाय सुजाताचा हलत नसे. सुरुवातीच्या पायऱ्या चहाच्या आत उरकत. शेवटच्या पायऱ्या शिफ्ट संपली तरी संपत नसत.

"साहेब, ह्ये रबर लई खुनशी हाय," शेवंता म्हणाली. "मागलं काय सोडतच न्हाई."

"सोडत नाही, म्हणून तर त्याच्यावर थोडा विश्वास ठेवता येतो."

आमच्यावर तेवढाही नव्हता. उत्तर आलं की पायऱ्या निम्म्या लांबीच्या करून तेच गणित पुन्हा. पायऱ्या दुप्पट आणि काम चौपट. दोन्ही उत्तरांत तिसऱ्या दशांश स्थळी फरक दिसला की साहेबांची भूक मरे. शिवाय मधूनच, स्वतःला उत्तर ठाऊक असलेलं एखादं गणित आमच्या कागदांत गुपचूप सरकवून देत आणि आम्ही काय लिहितो ते बघत. उत्तर बरोबर आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही. फार खूश असले तर म्हणत, "चूक अजून सापडलेली नाही." मलाही त्यांचा संशय यायचा. हा गृहस्थ गणित संपू नये म्हणून हे करतोय की काय, असं मी सुजाताला एकदा बोलूनही दाखवलं होतं.

मग कारखान्यात रबर दाबायचा नवा प्रेस यायचा ठरला. वर्क्स मॅनेजर खोलीत येऊन म्हणाले की त्याच्याखाली गादी किती जाड हवी तो आकडा साहेबांच्या सहीनिशी शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळाला पाहिजे. नाहीतर खोलीला कुलूप, गणितं पुण्याच्या कॉम्प्युटरवर आणि आम्ही तिघी घरी. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत तेव्हा लॉकआउट होता. घर माझ्या पगारावर चाललं होतं.

"एवढं मागचं कशाला उगाळता?" मॅनेजर म्हणाले. "जुनं सोडून द्या, अलीकडचं घ्या. पटकन होईल."

साहेबांनी तसंही करून पाहिलं. जुनं सोडलं की गादी थोडी दबून थांबत होती. सगळं धरलं की सावकाश दबतच राहत होती. "जुनं सोडल्याबरोबर उत्तर गोड झालं," साहेब म्हणाले. "गोड उत्तर मला चालत नाही."

शनिवारी दुपारी सगळं धरून केलेलं गणित एकदाचं संपलं. निम्म्या लांबीच्या पायऱ्यांनी तपासायला आणखी काही आठवडे लागले असते. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, सही करा," मी म्हणाले.

"न तपासता? तुम्हाला बरोबर उत्तर हवंय की माझी सही?"

"मला पगार हवाय."

तेवढ्यात मॅनेजर आले. "काय, झालं? बरोबर आहे ना?"

"उत्तर तपासलेलं नाही," साहेब म्हणाले. "पण ज्यांनी ते काढलंय त्या तिघींना मी इतकी वर्षं तपासतोय. चूक अजून सापडलेली नाही."

"म्हणजे सही करताय?"

साहेबांनी पेन उघडलं. शेवंताला तारीख विचारली, मग मला विचारली, आणि सही केली.

गादी आमच्या आकड्याप्रमाणे जाड झाली आणि खोली टिकली. पुढे कॉम्प्युटर आलाच, पण तोवर माझ्या नवऱ्याची कंपनी सुरू झाली होती. साहेब निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला गेले, आणि मी हिशेबखात्यात. तिथे माझी बेरीज कोणी बघतही नाही, कागद तसाच पुढे सरकवतात. विश्वास आहे म्हणतात. मला वाटतं, त्यांना कंटाळा येतो.